परिवीक्षेतून मुदतीआधी मुक्तता: अमली पदार्थाच्या किरकोळ गुन्ह्यात बंधपत्रावर सुटलेल्यांसाठी

कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलातून बंधपत्रावर सही करून बाहेर पडणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना त्या दिवशी एवढेच कळलेले असते, की तुरुंग टळला. हातातल्या कागदावर नेमके काय लिहिले आहे आणि पुढची दोन-तीन वर्षे काय काय पाळायचे आहे, हे त्यांना नीट कोणी सांगितलेले नसते. वर्तन चांगले राहिले तर ही बांधिलकी, जिला कायद्याच्या भाषेत परिवीक्षा म्हणतात, मुदतीआधी संपवण्याची सोय कायद्यातच आहे, ही गोष्ट तर त्यांच्या कानावरही पडलेली नसते. मी कोल्हापुरात फौजदारी काम करणारा वकील आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून असे खटले माझ्याकडे येतात. गांजाच्या चिलमीपायी पकडला गेलेला, नंतर सुधारलेला मुलगा केवळ माहिती नसल्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत बांधलेला राहतो, हे मला मनापासून खटकते. म्हणून या वाटेवर नवख्या असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी आदेश वाचा

कोणतीही धावपळ करण्यापूर्वी न्यायालयाच्या आदेशाची आणि बंधपत्राची सही-शिक्क्याची नक्कल मिळवावी. ज्या न्यायालयाने आदेश दिला तेथील नक्कल विभागात त्यासाठी अर्ज करावा लागतो. खटल्याचा क्रमांक आठवत नसेल, तर समन्सवर किंवा जुन्या तारखेच्या चिठ्ठीवर एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, किंवा आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, असे लिहून पुढे क्रमांक आणि वर्ष दिलेले असते. सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक हाताशी असेल, तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याची माहिती मोबाईलवरच दिसते.

नक्कल हातात आली की सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधावी, ती म्हणजे सुटका कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली झाली आहे. पुढचा सारा मार्ग यावर ठरतो, आणि लोकांची फसगतही इथेच होते.

अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळेच एन.डी.पी.एस. म्हणतात, तो १९८५ चा आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा सर्वसाधारण कायदा म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. या दोन कायद्यांची सांगड एन.डी.पी.एस.च्या कलम ३३ ने घातली आहे. त्या कलमानुसार १९५८ च्या कायद्याचा लाभ अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत एरवी मिळत नाही. तो मिळतो दोनच प्रसंगी: आरोपी अठरा वर्षांखालील असेल तेव्हा, किंवा दोषसिद्धी कलम २६ अथवा कलम २७ खालची असेल तेव्हा. कलम २७ म्हणजे सेवनाचा गुन्हा. गांजासारख्या पदार्थाच्या सेवनासाठी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे; कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन अशांच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खिशात गांजाची पुडी सापडली, म्हणजे गुन्हा सेवनाचा नसून बाळगण्याचा आहे, तर कलम २० लागते. एक हजार ग्रॅमपेक्षा कमी गांजा ही कायद्याच्या भाषेत लहान मात्रा ठरते आणि शिक्षाही तुलनेने हलकी आहे; तरीही सज्ञान व्यक्तीला तेथे १९५८ च्या कायद्याचे दार बंद असते. अशा व्यक्तीला नशेचे व्यसन असेल, तर न्यायालय एन.डी.पी.एस.च्याच कलम ३९ खाली तिच्या संमतीने तिला व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकते. बाहेरून दोन्ही सुटका सारख्याच दिसतात आणि घरचे दोन्हींना ‘बॉण्डवर सुटला’ असेच म्हणतात, पण मुदतीआधी मोकळे होण्याचे नियम दोन्हींत निराळे आहेत. या लेखाचा मोठा भाग १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ खाली सुटलेल्यांसाठी आहे. कलम ३९ वाल्यांसाठी शेवटाकडे वेगळे लिहिले आहे. मुलगा गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे चालते आणि तो विषय स्वतंत्र आहे.

आदेश वाचताना बंधपत्राची मुदतही टिपून ठेवावी. कलम ४ खाली ती तीन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. त्यासोबत परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश झाला आहे का, तेही पाहावे. झाला असेल तर देखरेखीचा काळ किमान एक वर्षाचा ठेवावा लागतो. त्यानंतर अटी एकेक करून मोठ्याने वाचाव्यात. एका आईने माझ्यासमोर बंधपत्र उलगडले, तेव्हा ते चार घड्या घालून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवलेले होते आणि घडीवरची ओळ पुसट झाली होती. त्याच ओळीत ‘कोणत्याही मादक पदार्थाचे सेवन करणार नाही’ अशी अट होती. मुलगा गांजापासून दूर होता, पण गावच्या जत्रेत दारू प्यायला बसत असे, आणि त्यात अटीचा भंग होतो आहे याची घरात कोणालाच कल्पना नव्हती. राहण्याचे ठिकाण, मादक पदार्थ आणि इतर बाबी यांसंबंधी अटी घालण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाला दिला आहे, म्हणून ‘मला तर गांजाची केस होती’ हे उत्तर तेथे टिकत नाही.

अर्ज तुमचा नसतो

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. १९५८ च्या कायद्याच्या कलम ८ च्या पोटकलम (३) मध्ये म्हटले आहे, की परिवीक्षा अधिकाऱ्याने केलेल्या अर्जावरून, अपराध्याचे वर्तन असे राहिले आहे की त्याला यापुढे देखरेखीखाली ठेवण्याची गरज नाही, अशी न्यायालयाची खात्री झाली, तर न्यायालय त्याला बंधपत्रातून मुक्त करू शकते. म्हणजे अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याने करायचा असतो आणि निर्णय न्यायालयाने द्यायचा असतो. वकिलाकडे जाऊन ‘साहेब, एक अर्ज टाका आणि पोराला सोडवा’ असे सांगणारे अनेकजण येतात. वकील अर्ज लिहून देईलही, पण परिवीक्षा अधिकाऱ्याचे मत त्यामागे नसेल, तर त्या अर्जात जीव राहत नाही.

त्यामुळे तुमचे खरे काम न्यायालयाच्या दारात नसून परिवीक्षा अधिकाऱ्याच्या टेबलासमोर आहे. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतात आणि जिल्हा कार्यालयात चौकशी केली की तुमची फाईल कोणाकडे आहे ते कळते. पहिल्या भेटीत पुष्कळ मुले त्यांना पोलीस समजून मान खाली घालून बसतात, विचारेल तेवढेच बोलतात आणि सही करून पळ काढतात. वास्तविक देखरेखीखालच्या व्यक्तीला गरज असेल तेथे काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हेसुद्धा कायद्याने या अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. घरी भांडणे होत असतील, काम सुटले असेल, जुने मित्र पुन्हा दाराशी येत असतील, तर ते त्यांना वेळीच सांगावे. पुढे हाच अधिकारी तुमच्याविषयी न्यायालयाला चार वाक्ये लिहिणार असतो, आणि ज्याला तुम्ही कधी काही सांगितलेच नाही त्याच्याजवळ लिहायला काय असेल?

एक खबरदारी येथेच सांगतो. हा अर्ज करून देण्यासाठी कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग अशांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

केव्हा हालचाल करावी

पोटकलम (३) ची सुरुवात आधीच्या तरतुदींत काहीही असले तरी, अशा अर्थाच्या शब्दांनी होते. त्यामुळे अमुक महिने झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही, असे बंधन त्यात नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे, की देखरेखीचे पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी विषय काढू नये. देखरेख किमान वर्षभर असावी, असे कायदा स्वतःच म्हणतो. शिवाय वर्तन पाहायला अधिकाऱ्यापुढे काहीतरी काळ सरलेला असायला हवा. तीन वर्षांचे बंधपत्र असेल तर सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास बोलणे सुरू करावे. मात्र उरलेली मुदत तीन-चार महिन्यांचीच असेल, तर अर्ज, अहवाल आणि तारखा यांत ती सहज निघून जाते. तेव्हा तो खटाटोप न करता मुदत शांतपणे पुरी करावी.

वर्तन कागदावर कसे येते

लोक अर्जात अडचणी मांडतात. नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, आईची तब्येत बरी नाही, दर महिन्याला चंदगडहून एसटीने यायला अख्खा दिवस मोडतो. या अडचणी खऱ्या असतात आणि त्या सांगायलाही हरकत नाही. पण कायद्याने न्यायालयापुढे ठेवलेला प्रश्न वर्तनाचा आहे, अडचणीचा नाही. म्हणून अडचण एका वाक्यात सांगावी आणि उरलेली सगळी जागा वर्तनाला द्यावी.

शिरोली एम.आय.डी.सी.तल्या एका फौंड्रीत मोल्डिंगचे काम करणारा मुलगा मला आठवतो. कलम २७ ची केस होती आणि दोन वर्षांचे बंधपत्र होते. सव्वा वर्षाने तो आला तो पिठाच्या गिरणीवर मिळते तशा कापडी पिशवीत दोनशे पानी वही घेऊन. वहीत प्रत्येक हजेरीची तारीख, गेल्याची वेळ, अधिकारी काय म्हणाले याची एक ओळ आणि त्या दिवसाचे एसटीचे तिकीट चिकटवलेले. दोन ठिकाणी तारीख चुकली होती. एकदा पंचगंगेच्या पुरामुळे रस्ता बंद होता आणि एकदा हातावर तप्त धातू उडाल्याने तो दवाखान्यात होता. दोन्ही वेळी त्याने आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कार्यालयात कळवले होते आणि दवाखान्याची चिठ्ठीही वहीत होती. ती वही पाहिल्यावर त्याच्याविषयी वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. चुकलेली तारीख लपवण्यापेक्षा तिचे कारण त्याच आठवड्यात लेखी देणे कितीतरी चांगले, हे मी त्या मुलाकडून शिकलो आणि तेव्हापासून प्रत्येक अशिलाला पहिल्याच दिवशी वही घालायला सांगतो.

वहीखेरीज कामाचा पुरावा जमवावा. कंपनीत असाल तर हजेरीपत्रक आणि पगाराची पावती. कंत्राटदाराकडे असाल तर त्याच्या लेटरहेडवरचे पत्र. शेती करत असाल तर दूध संस्थेचे किंवा साखर कारखान्याचे बिल. दाखला देणाऱ्याला तुमच्यावर केस झाली होती हे ठाऊक असावे आणि तसा उल्लेख त्यात असावा, असे मी आग्रहाने सांगेन. ‘मुलगा सुस्वभावी व होतकरू आहे’ अशा साच्यातल्या दाखल्यांच्या थप्पीपेक्षा ‘याच्यावर अमली पदार्थाच्या सेवनाची केस झाली होती हे मला माहीत आहे, तो चौदा महिने माझ्याकडे लेथवर काम करतो आणि एकदाही नशेत आलेला नाही’ हे एक वाक्य अधिक वजनाचे असते. तालमीचे वस्ताद, शाळेचे मुख्याध्यापक, शेजारचे दुकानदार असे रोजच्या पाहण्यातले लोक बरे. नगरसेवकाच्या छापील दाखल्याचा उपयोग मी फारसा झालेला पाहिला नाही.

तिसरी आणि या गुन्ह्यात सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे नशा सुटली असल्याचा वैद्यकीय आधार. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात किंवा अन्य सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन नियमित तपासणी सुरू करावी आणि प्रत्येक भेटीचा केसपेपर जपून ठेवावा. कोठे जावे हे कळत नसेल, तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाईन आहे. लघवीच्या तपासणीचे अहवाल काही महिन्यांच्या अंतराने तीन-चार वेळा घेतलेले असतील, तर ते अर्जाच्या आदल्या आठवड्यात घाईने आणलेल्या एका अहवालापेक्षा पुष्कळ बोलके ठरतात. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

इथे दोन ठिकाणी निरपराध माणूसही अडकतो. महाशिवरात्रीला किंवा रंगपंचमीला कोणी आग्रहाने थंडाईचा पेला हातात देतो आणि त्यात भांग असते. एन.डी.पी.एस. कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंड्यांविना असलेली नुसती पाने येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहते. पण तपासणीत तिचा अंश गांजासारखाच दिसतो आणि मादक पदार्थ न घेण्याची अट तर मोडतेच. दुसरे म्हणजे कोडीन असलेले खोकल्याचे औषध. ते घेतल्यावर अफूवर्गीय पदार्थांची तपासणी सकारात्मक येऊ शकते, म्हणून औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे, चिठ्ठी ठेवावी आणि तपासणीपूर्वी तसे सांगावे.

अर्थात, या काळात दुसरा कोणताही गुन्हा दाखल झाला तर मुदतीआधी सुटण्याची आशा जवळजवळ संपतेच. शिवाय कलम ९ खाली अट मोडल्याबद्दल न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढू शकते. बंधपत्र चालू ठेवून पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याचा पर्याय न्यायालयाला आहे, तसाच मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावण्याचाही आहे. ज्याच्या हातून एखादी अट नुकतीच मोडली आहे त्याने सहा महिने तरी सरळ काढावेत आणि मगच पुढचा विचार करावा.

परिवीक्षा अधिकाऱ्यांना द्यायचे पत्र

कागद जमले की अधिकाऱ्यांशी आधी तोंडी बोलावे आणि त्यांचा सूर अनुकूल दिसला की लेखी विनंती द्यावी. पत्र एका पानाचे असावे, मराठीत असावे, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. नमुना म्हणून हा मजकूर पाहावा:

‘मा. परिवीक्षा अधिकारी, कोल्हापूर यांस. विषय: अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ८(३) नुसार बंधपत्रातून मुक्त करण्याबाबत मा. न्यायालयास अर्ज करण्याची विनंती. महोदय, मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांनी एस.सी.सी. क्रमांक अमुक मध्ये दिनांक अमुक रोजी मला एन.डी.पी.एस. कायद्याच्या कलम ८(क) सह २७ खाली दोषी ठरवून दोन वर्षांच्या बंधपत्रावर व आपल्या देखरेखीखाली सोडले आहे. आजपर्यंत सोळा महिने झाले आहेत. या काळात मी चौदा हजेऱ्या वेळेवर दिल्या असून दोन हजेऱ्या चुकल्याची कारणे मी त्या त्या वेळी लेखी कळवली आहेत. मी अमुक ठिकाणी नोकरी करतो. माझ्यावर दुसरा कोणताही गुन्हा दाखल नाही. व्यसनमुक्तीच्या उपचारांचे व तपासणीचे अहवाल सोबत जोडले आहेत. माझ्या वर्तनाची आपण घरी व कामाच्या ठिकाणी येऊन खात्री करावी आणि आपल्याला योग्य वाटल्यास मा. न्यायालयात अर्ज करावा, ही विनंती.’

शेवटच्या वाक्यातील ‘घरी व कामाच्या ठिकाणी येऊन’ हे शब्द गाळू नयेत. ज्याला लपवायचे काही नाही तोच असे बोलावणे देतो, हे वाचणाऱ्याला कळते. अधिकारी घरी आले तर त्यांना घर जसे आहे तसे दिसू द्यावे. आजी तक्रार करत असेल तर करू द्यावी. तिला खोलीत बसवून ठेवू नये.

न्यायालयात

अर्ज ज्या न्यायालयाने मूळ आदेश दिला त्याच न्यायालयात जातो. आदेश गडहिंग्लजच्या किंवा इचलकरंजीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा असेल, तर तुम्ही आता कोल्हापूर शहरात राहत असलात तरी कागद तेथेच जातील. अर्ज दाखल झाल्यावर सहसा सरकारी वकिलांचे म्हणणे मागवले जाते, ज्याला कोर्टात सगळे ‘से’ म्हणतात. त्यासाठी एखाद-दुसरी तारीख जाते. पोलीस ठाण्याकडूनही तुमच्यावर काही नवे दाखल आहे का याची माहिती येऊ शकते.

सुनावणीच्या दिवशी जामीनदाराला सोबत न्यावे, मूळ बंधपत्राची नक्कल आणि ती वही न्यावी, आणि पुकारा होण्याआधी दालनात हजर असावे. न्यायाधीशांनी काही विचारले तर विचारलेल्याचेच उत्तर द्यावे. ‘पुन्हा कधी घेतला होता का?’ असा प्रश्न आला आणि घेतला असेल, तर काय उत्तर द्यायचे ते आधी वकिलाशी मोकळेपणाने बोलून ठेवावे. तेथे खोटे मात्र बोलू नये. मूळ खटल्यात आपल्यावर अन्याय झाला होता, पुडी दुसऱ्याची होती, हा विषय त्या दिवशी काढण्यात अर्थ नाही. दोषसिद्धी मान्य नसेल तर तिच्यासाठी अपिलाचा मार्ग आणि त्याची मुदत वेगळी असते.

पूर्ण मुक्तता मिळण्यासारखी नसेल, तर कलम ८ च्या पोटकलम (१) चा विचार करावा, आणि मला वाटते अनेकांना खरी गरज याचीच असते. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरूनच न्यायालय बंधपत्राची मुदत कमी करू शकते किंवा अटी बदलू शकते. पुण्यात नोकरी लागली आहे, निपाणीत सासुरवाडीला राहून दुकान चालवायचे आहे, दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी हजेरी चालेल का, अशा गोष्टी या वाटेने सुटतात. परवानगी न घेता जिल्हा किंवा राज्य सोडून राहायला जाणे मात्र धोक्याचे. आपल्या सीमाभागात लोक रोज इकडून तिकडे जात असल्यामुळे ही चूक फार सहज होते. अटी बदलताना तुम्हाला आणि जामीनदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. जामीनदाराने बदलाला नकार दिला तर नवे बंधपत्र मागितले जाऊ शकते आणि ते देता आले नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. म्हणून जामीनदार मामा असोत वा मित्राचे वडील, त्यांच्या घरी जाऊन आधी त्यांना विश्वासात घ्यावे.

परिवीक्षा अधिकारी अर्ज करायला तयार नसतील तर त्यांना कारण विचारावे, आणि सुधारता येण्यासारखे असेल तर ते सुधारून तीन-चार महिन्यांनी पुन्हा जावे. कारण न देता प्रकरण नुसतेच पडून राहिले असेल, तर वकिलामार्फत न्यायालयापुढे अर्ज देऊन परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची विनंती करता येते. अधिकाऱ्याचा अर्ज न्यायालयाने फेटाळला आणि त्यात कायद्याची चूक आहे असे वकिलाचे मत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३८ खाली सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो आदेश पुन्हा तपासून पाहण्याची विनंती, करता येतो; त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे. पुढे उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे आणि मुंबईची वारी चुकली आहे. तरीही खालच्या न्यायालयात सहा महिन्यांनी नव्याने अर्ज होणे हे बहुतेक वेळा वर जाण्यापेक्षा स्वस्त आणि सोपे पडते.

कलम ३९ खाली सुटलेल्यांसाठी

येथे दोन टप्पे असतात. पहिल्यात उपचार घेऊन त्यांच्या परिणामाचा अहवाल न्यायालयात सादर करायचा असतो, आणि त्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. तो अहवाल पाहून न्यायालय समज देऊन पुढच्या बंधपत्रावर सोडते, ज्याची मुदत तीन वर्षांपर्यंत ठरवता येते. हे दुसरे बंधपत्र मुदतीआधी संपवण्याची कलम ८(३) सारखी स्पष्ट तरतूद कलम ३९ मध्ये नाही. म्हणून सवलत मागण्याची वेळ नंतर नसून अहवाल सादर करतानाच असते. उपचार चार-सहा महिन्यांत पूर्ण झाले असतील, तर वर्ष संपण्याची वाट न पाहता अहवाल सादर करावा, आणि दुसऱ्या बंधपत्राची मुदत कमीत कमी ठेवावी अशी विनंती वकिलामार्फत त्याच दिवशी करावी. केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य आहे याची खात्री दाखल होण्यापूर्वी करावी, कारण कलमाला तसेच केंद्र अभिप्रेत आहे. गावोगावी निघालेल्या मान्यता नसलेल्या केंद्रांत पैसे भरून, महिने काढून आलेल्या माणसाचा अहवाल न्यायालयापुढे लंगडा पडतो, आणि त्या घराची दुहेरी हानी होते.

आदेश मिळाल्यानंतर

मुक्ततेच्या आदेशाच्या तीन तरी सही-शिक्क्याच्या नकला काढाव्यात. एक परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, आणि एक घरी.

केस पुसली गेली, असे मात्र समजू नये. १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार, कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही, आणि हे संरक्षण मोठे आहे. पण दोषसिद्धी नोंदीत राहतेच, आणि मूळ वर्तनाच्या आधारे नोकरीतले खाते कारवाई करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून पोलीस भरतीचा किंवा कंपनीचा फॉर्म भरताना ‘कधी दोषी ठरला आहात का’ या रकान्यात ‘होय’ लिहून पुढे कलम, आदेशाची तारीख आणि मुक्ततेची तारीख द्यावी. माहिती लपवणे हा स्वतंत्र दोष ठरू शकतो. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचे बारकावे दिले आहेत, आणि किरकोळ जुन्या प्रकरणाची खरी माहिती देणाऱ्या उमेदवाराचा विचार करण्यास नियोक्त्याला त्यात जागा ठेवलेली आहे.

एक काम बहुतेक घरांत राहून जाते. जामीनदाराने त्या वेळी ठेव पावती किंवा मूळ कागद न्यायालयात ठेवले असतील, तर ते परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मुक्ततेची नक्कल जोडून तो अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, आणि कागद मिळाले की ज्याने तुमच्यासाठी सही केली त्याच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने ते त्याला परत करावेत.